पूर येण्याआधी गाव हलवण्याचा आणि ट्रॅक्टर-होड्या ताब्यात घेण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी कृष्णाकाठच्या एका लहान गावाची सरपंच आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न आमच्या एकट्याचा नाही आणि उत्तर मिळाले तर नदीकाठच्या कोणत्याही ग्रामपंचायतीला ते उपयोगी पडेल.

दरवर्षी मे महिन्यात ग्रामपंचायतीला पत्र येते की गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा अद्ययावत करून सादर करावा. यंदा मी जुना आराखडा दप्तरातून काढून वाचला. त्यात बदली होऊन गेलेल्या तलाठ्याचा आणि वारलेल्या एका होडीवाल्याचा फोन नंबर आहे, ‘उपलब्ध साधने’ या रकान्यात एक यांत्रिक बोट व दहा लाईफ जॅकेट असे लिहिलेले आहे, आणि प्रत्यक्षात बोटीचे इंजिन दुरुस्तीला गेले ते अजून परत आलेले नाही. एवढे सुधारणे आमच्या हातात आहे आणि ते आम्ही करू. माझी अडचण त्यापुढची आहे.

मागच्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४० फुटांची इशारा पातळी ओलांडली, तेव्हा खालच्या गल्लीतील कुटुंबे हलवण्यासाठी आम्हाला ट्रॅक्टर हवे होते. काही मालकांनी आपणहून ट्रॉल्या जोडल्या. काहींनी मात्र ‘डिझेल कोण घालणार, आणि ट्रॉली पाण्यात कलंडली तर भरून कोण देणार’ असे विचारले. त्यांचे विचारणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याच वेळी काही घरांनी दावणीची जनावरे सोडून निघायला साफ नकार दिला आणि पाणी उंबऱ्याला लागल्यावर त्यांनाच गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढावे लागले.

म्हणून विचारते. अशा वेळी खासगी ट्रॅक्टर किंवा होडी ताब्यात घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे का? नसेल तर तो कोणाला आहे, आणि तो वापरण्यासाठी शासनाने आधी ‘आपत्ती’ जाहीर करावी लागते का? निविदा न मागवता डिझेल, ताडपत्री, जनावरांचा चारा घेतला तर पुढे लेखापरीक्षणात काय होईल? आणि महाराष्ट्राचा या विषयावर स्वतःचा कायदा आहे की सगळा कारभार केंद्राच्याच कायद्यावर चालतो? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलेले आहे त्यांनी कलमांसह सांगितले तर मासिक सभेत ठेवता येईल.


उत्तर १ : निवृत्त_महसुली

सरपंचताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे बाकीचे सोपे होईल. महाराष्ट्रात या विषयाचा आधार म्हणजे संसदेने केलेला आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. त्यात राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आहेत. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष जिल्हा प्राधिकरणाचे सहअध्यक्ष असतात, ही गोष्ट पुष्कळ लोकप्रतिनिधींच्या लक्षातच नसते.

आता तुमचे गाव या रचनेत कोठे बसते ते पाहू. अधिनियमाच्या व्याख्येनुसार पंचायत राज संस्था म्हणजे ‘स्थानिक प्राधिकरण’ आहेत, त्यामुळे ग्रामपंचायत कायद्याच्या बाहेर नाही. कलम ३२ प्रमाणे तिने आपला आराखडा करावयाचा, तो नियमितपणे सुधारावयाचा आणि त्याची प्रत जिल्हा प्राधिकरणाला द्यावयाची. कलम ४१ प्रमाणे तिने आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवावयाचे आणि साधने अशा स्थितीत ठेवावयाची की आपत्तीच्या वेळी ती तत्काळ वापरता यावीत. दुरुस्तीला गेलेले ते इंजिन म्हणजे नेमका कलम ४१ चा भंग आहे, तेव्हा तेवढे आधी आणा. पण ही सगळी कर्तव्ये झाली. सक्ती करण्याचा अधिकार या दोन्ही कलमांत नाही.

तो अधिकार कलम ३४ आणि ६५ मध्ये आहे व तो जिल्हा स्तरावर आहे. कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरण बाधित क्षेत्रातील वाहतूक आणि लोकांची ये-जा नियंत्रित करू शकते, निवारा, अन्न व पाण्याची सोय करू शकते, तात्पुरते पूल उभारू शकते आणि धोकादायक बांधकाम पाडू शकते. कलम ६५ खाली मदत व बचावासाठी लागणारी साधने, जागा आणि वाहने लेखी आदेशाने अधिग्रहित करता येतात. ‘वाहन’ याची तेथील व्याख्या इतकी व्यापक आहे की वाहतुकीसाठी वापरता येण्याजोगे कोणतेही वाहन, मग ते यंत्रावर चालो वा न चालो, तिच्यात येते. ट्रॅक्टर-ट्रॉलीबद्दल तर प्रश्नच नाही. होडीही तिच्यात बसते असे माझे मत आहे, आणि कोणी त्यावर वाद घातलाच तर ती ‘साधन’ म्हणून घेता येते.

तुमच्या कामाची खरी ओळ कलम ६५ च्या सुरुवातीलाच आहे. हा अधिकार राष्ट्रीय किंवा राज्य कार्यकारी समिती, जिल्हा प्राधिकरण, ‘किंवा त्यांनी या बाबतीत प्राधिकृत केलेला अधिकारी’ यांना दिलेला आहे. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी आदेश काढून तालुक्यातील तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि शक्य असेल तेथे गावपातळीवरील कर्मचारी यांना पदनामाने प्राधिकृत केले, तर रात्री दोन वाजता जिल्ह्याच्या ठिकाणाहून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. असा आदेश काढून ठेवलेला नसेल तर त्या रात्री गावातला तलाठी आणि गावातला सामान्य नागरिक यांच्या अधिकारात अधिग्रहणापुरता काहीही फरक राहत नाही. माझ्या नोकरीत मी पाहिलेले बहुतेक गोंधळ पाण्यापेक्षा या एका न निघालेल्या कागदाचे होते.

आपत्ती जाहीर होण्याची वाट पाहावी लागते का, तर नाही. कलम ३४ केवळ घडलेल्या आपत्तीला नव्हे, तर आपत्तीचा धोका निर्माण झालेल्या परिस्थितीलाही लागू आहे. ते वापरण्यासाठी शासनाने वेगळी घोषणा करावी अशी अट या अधिनियमात नाही. दुष्काळ जाहीर होतो, टंचाई जाहीर होते, त्यामुळे लोकांना वाटते की पूरही जाहीर व्हावा लागतो. शिवाय कलम २६ प्रमाणे निकडीच्या वेळी जिल्हाधिकारी प्राधिकरणाचे सर्व अधिकार एकटे वापरू शकतात आणि प्राधिकरणाची मान्यता कार्योत्तर घेतली जाते. बैठक झाली नाही ही सबब कायद्याने ठेवलेलीच नाही.

ट्रॅक्टरमालकांच्या प्रश्नाचे उत्तर कलम ६६ मध्ये आहे. अधिग्रहित वाहनाची भरपाई त्या भागात चालू असलेल्या भाड्याच्या दराने ठरते आणि ठरलेली रक्कम मान्य नसेल तर मालकाला लवादाकडे जाता येते. मोडतोडीचे मात्र वेगळे सूत्र तेथे दिलेले नाही. म्हणून वाहन ताब्यात घेताना आणि परत देताना दोन ओळींचा पंचनामा करा : तारीख, वेळ, मीटरवरचे तास, टायर व ट्रॉलीची स्थिती, डिझेलची पातळी, मालकाची व दोन पंचांची सही. मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले तर आणखी चांगले.


उत्तर २ : दप्तर_सांभाळणारा

मी ग्रामपंचायत अधिकारी आहे, म्हणजे जुन्या भाषेत ग्रामसेवक. वरचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बिनचूक आहे, परंतु गावात काम करणाऱ्याने अधिग्रहणावर फार भिस्त ठेवू नये असे मला वाटते. ज्याचा ट्रॅक्टर आज आपण आदेश दाखवून नेला, त्याच्याच बांधावरून पुढची दहा वर्षे पाणंद रस्त्याचे काम करून घ्यावयाचे असते. आदेश कपाटात असावा, पण तो काढायची वेळ शक्यतो येऊ नये.

त्यासाठी आम्ही एप्रिलच्या मासिक सभेत ठराव करतो. गावातील ट्रॅक्टर, जेसीबी, पाण्याचे टँकर आणि होड्या यांच्या मालकांची संमतीपत्रे घेतो, ताशी भाडे किती आणि डिझेल कोणाचे हे त्यात लिहितो, आणि चालक म्हणून दोन नावे घेतो, कारण पुराच्या रात्री मालक परगावी असतो आणि किल्ली घरात सापडत नाही असा अनुभव सगळीकडचा आहे. ही संमतीपत्रे आराखड्याला परिशिष्ट म्हणून जोडून तहसील कार्यालयात पोच घेऊन देतो. वरच्या उत्तरातील प्राधिकृत अधिकाऱ्याने पुढे आदेश काढलाच तर त्याच्या हातात यादी तयार असते.

निविदेबद्दल कलम ५० वाचा. आपत्तीत किंवा आपत्तीचा धोका असताना बचाव व मदतीसाठी तातडीची खरेदी आवश्यक आहे अशी राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाची खात्री झाली, तर ते संबंधित विभागाला किंवा प्राधिकरणाला तशा खरेदीसाठी प्राधिकृत करू शकते आणि मग निविदेची नेहमीची पद्धत माफ झाली असे समजले जाते. त्या साहित्याच्या वापराबद्दल प्राधिकृत नियंत्रक अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हिशेबासाठी वैध प्रमाणक (व्हाउचर) धरले जाते. लक्षात घ्या, ही सूट ग्रामपंचायतीला आपोआप मिळत नाही. आधी प्राधिकृत करणारे पत्र, मग खरेदी, मग वापराचे प्रमाणपत्र, या क्रमाने कागद असतील तर आक्षेप टिकत नाही. पत्र फोनवर मिळाले असेल तर कोणाशी, किती वाजता बोलणे झाले ते आवक नोंदवहीत लिहून दुसऱ्या दिवशी लेखी पुष्टी मागून घ्या. आक्षेप बहुतेक वेळा खर्चावर येत नाही, ताडपत्री कोणाला दिली याची सहीनिशी यादी नसते त्यावर येतो.

पैशाचे मूळ राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातील ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्याच्या एकूण आपत्ती जोखीम निधीची ८० टक्के प्रतिसाद आणि २० टक्के सौम्यीकरण (म्हणजे धोका आधीच कमी करण्याची कामे) अशी विभागणी केली, आणि त्या ८० टक्क्यांतील, एकूण निधीच्या १० टक्के एवढा भाग पूर्वतयारी व क्षमतावाढीसाठी ठेवला. बोटी, जॅकेट, प्रशिक्षण यांची मागणी करताना मदतीच्या नव्हे, तर पूर्वतयारीच्या शीर्षाखाली प्रस्ताव द्यावा, एवढे सांगण्यासाठी हे आकडे लिहिले.

बोटीबद्दल एक गोष्ट कायद्यात नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. आराखड्यात ‘बोट १’ असे लिहून थांबू नका. तिच्यात किती माणसे बसवायची, चढणाऱ्यांना मोजून कोण घेणार आणि जॅकेटशिवाय कोणाला बसू द्यायचे नाही हे नावानिशी लिहा, कारण घाबरलेल्या लोकांना काठावर ‘पुढच्या फेरीला या’ असे सांगण्याचे धाडस ज्याचे आधीपासून नाव ठरलेले आहे त्यालाच होते.


प्रतिसाद : कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. संमतीपत्रांची कल्पना आम्ही लगेच उचलणार आहोत. दोन गोष्टी राहिल्या. जे लोक घर सोडायला तयार होत नाहीत त्यांच्यावर कलम ५१ खाली कारवाई होते असे बैठकीत ऐकले होते. सरपंचाने सांगूनही न ऐकणाऱ्याला ते लागू होते का? आणि कोयनेतून अमुक इतका विसर्ग सुटला असे खोटे संदेश दर पावसाळ्यात मोबाईलवर फिरतात, त्यामुळे एकदा अर्धे गाव विनाकारण रस्त्यावर आले होते. त्यावर काही करता येते का?


उत्तर ३ : कलम_आणि_खंड

मी वकिली करतो, म्हणून थोडे काटेकोर लिहितो.

कलम ५१ मध्ये दोन प्रकारची कृत्ये आहेत आणि दोन्ही ‘वाजवी कारणाशिवाय’ केलेली असावी लागतात. पहिले म्हणजे केंद्र किंवा राज्य शासनाच्या अधिकारी-कर्मचाऱ्याला, अथवा राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला कामात अडथळा आणणे. दुसरे म्हणजे केंद्र वा राज्य शासन, राष्ट्रीय वा राज्य कार्यकारी समिती किंवा जिल्हा प्राधिकरण यांनी दिलेला अथवा त्यांच्या वतीने दिलेला निर्देश न पाळणे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि त्या वागण्यामुळे जीवितहानी झाली किंवा तसा निकटचा धोका निर्माण झाला तर दोन वर्षांपर्यंत. या यादीत ग्रामपंचायत नाही आणि सरपंचही नाही. तेव्हा आपण स्वतःच्या नावाने दिलेली सूचना न पाळणारा माणूस या कलमाखाली गुन्हेगार ठरत नाही. तीच सूचना जिल्हा प्राधिकरणाच्या आदेशाचा क्रमांक व तारीख घालून, त्यांच्या वतीने, दवंडी देऊन आणि घरोघर नोटीस लावून दिली तर गोष्ट वेगळी होते.

तरीही घर सोडायला नकार देणाऱ्या वृद्ध दांपत्यावर खटला भरावा असे मी कोणालाही सुचवणार नाही. कलम ३४ मध्ये लोकांची बाधित क्षेत्रात येण्याची, तेथे फिरण्याची व तेथून जाण्याची मोकळीक नियंत्रित करण्याचा अधिकार स्पष्ट आहे. माणसाला त्याच्या घरातून उचलून बाहेर काढण्याचा अधिकार तितक्या स्पष्ट शब्दांत नाही, तो ‘परिस्थितीनुसार आवश्यक ती इतर पावले’ या शेवटच्या खंडातून काढावा लागतो. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात, आणि शासनाने त्यांना तसे खास अधिकार दिलेले असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालीही आदेश काढता येतो. पण आपल्या प्रश्नातच उत्तर आहे : लोक जनावरांसाठी थांबतात. ‘वाजवी कारण’ या शब्दांचा आधार घेऊन उद्या कोणी न्यायालयात म्हणेल की माझ्या चार म्हशींची सोय प्रशासनाने केली नव्हती, म्हणून मी निघालो नाही, आणि मला तो युक्तिवाद अगदीच टाकाऊ वाटत नाही. जनावरांच्या छावण्या आणि चारा हे खर्च प्रतिसाद निधीच्या निकषांत बसतात. आराखड्यात माणसांच्या निवाऱ्याआधी जनावरे कोठे, कोणत्या रस्त्याने आणि पाणी किती फुटांवर असताना हलवायची ते लिहा. ट्रॅक्टर घराशी आला आणि आधी दावण मोकळी झाली की माणसे मागे निघतात.

निवाऱ्याबद्दल एक इशारा. कलम ६१ प्रमाणे भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. ‘आमची माणसे देवळात, त्यांची माणसे शाळेत’ अशी व्यवस्था कोणी सुचवलीच तर ती पहिल्याच बैठकीत मोडून काढा.

खोट्या संदेशांसाठी कलम ५४ आहे. आपत्तीविषयी किंवा तिच्या तीव्रतेविषयी खोटी धोक्याची सूचना तयार करणाऱ्याला अथवा पसरवणाऱ्याला, त्यातून घबराट निर्माण झाल्यास, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मात्र कलम ६० लक्षात ठेवा. या अधिनियमाखालील गुन्ह्याची दखल न्यायालय प्राधिकरणाच्या, शासनाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून घेते, नाहीतर किमान तीस दिवसांची नोटीस देऊन व्यक्तीने केलेल्या तक्रारीवरून घेते. तेव्हा संदेशाचा फोटो, वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक लेखी कळवून तक्रार वरच्या कार्यालयाकडून करवून घेणे हा सरळ मार्ग आहे.

जाता जाता, कलम ५६ अधिकाऱ्यांसाठी आहे. या कायद्याने सोपवलेले कर्तव्य करण्यास नकार देणाऱ्या अधिकाऱ्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, फक्त त्या खटल्याला शासनाची पूर्वमंजुरी लागते. ग्रामसभेत याचा उल्लेख मोघम धमकीसारखा करू नये. पत्रात मात्र कलम क्रमांकासह एक वाक्य लिहायला हरकत नाही.


उत्तर ४ : राज्यघटना_वाचक

राज्याच्या स्वतंत्र कायद्याबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपत्ती व्यवस्थापन हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील कोणत्याच सूचीत नावानिशी नाही. २००५ चा कायदा संसदेने समवर्ती सूचीतील सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा या २३ व्या नोंदीचा आधार घेऊन केला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने पुढे यासाठी स्वतंत्र नोंद असावी अशी शिफारसही केली होती. त्याआधी, २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर, गुजरातने २००३ मध्ये स्वतःचा राज्य आपत्ती व्यवस्थापन कायदा केला होता. महाराष्ट्राला १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तसे करता आले असते. पुनर्वसनाचे प्रचंड काम झाले, वेगळा कायदा मात्र झाला नाही, ही रुखरुख माझ्या मनात आहे. निवृत्त_महसुली यांना आदेश आयत्या वेळी काढण्याची चिंता आहे, मला आदेश किती काळ चालावा याचीही आहे.

ती का, हे सांगतो. अमेरिकेत आणीबाणीचे अधिकार प्रामुख्याने राज्यांच्या कायद्यांत आहेत. तेथे राज्यपालाने घोषणा केली की अधिकार जागे होतात, आणि अनेक राज्यांत ती घोषणा ठरावीक दिवसांनी आपोआप संपते किंवा विधिमंडळाला ती संपवता येते. करोनानंतर पेनसिल्व्हेनियात मे २०२१ मध्ये मतदारांनी ही मुदत २१ दिवसांवर आणली. आपल्या अधिनियमात घोषणेची अट नाही, जी पुराच्या रात्री सोयीची आहे हे मान्य. पण त्यामुळे मुदतीचीही अट नाही. २४ मार्च २०२० रोजी याच अधिनियमाखाली निघालेल्या आदेशापासून सुरू झालेली देशव्यापी निर्बंधांची मालिका ३१ मार्च २०२२ पर्यंत चालली, आणि मध्ये कोठेही विधिमंडळाची संमती घेण्याचे बंधन कायद्याने घातलेले नव्हते. राज्य प्राधिकरणाचा वार्षिक अहवाल विधिमंडळासमोर ठेवण्याची कलम ७० मधील तरतूद एवढीच काय ती विचारणेची जागा आहे. अधिग्रहणाच्या बाबतीत मात्र कलम ६५ सांगते की गरज असेल तेवढ्याच काळासाठी वस्तू ताब्यात ठेवता येते.

नव्या कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखे पुष्कळ आहे. कलम ७८ खाली राज्य शासनाला नियम करता येतात, आणि अधिग्रहित वाहनाची भरपाई किती दिवसांत द्यावयाची व मोडतोडीचा खर्च कसा ठरवावयाचा हे तेथे लिहिता येईल. लोकप्रतिनिधींकडे मागणी करायची तर नेमकी ही करावी. २०२५ च्या दुरुस्तीने राज्याची राजधानी आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची सोय केली आहे, त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतील. शहराला आपले प्राधिकरण मिळाले. नदीच्या त्याच वळणावरच्या गावाला मात्र जिल्ह्याकडेच पाहावे लागणार आहे, आणि तालुका पातळीवर वैधानिक रचना आजही नाही. पुरात तुटणारा रस्ता पाहता हीच सर्वांत मोठी उणीव आहे असे माझे मत आहे.


उत्तर ५ : निवृत्त_महसुली

तालुक्याबद्दलचे मत पटले. कलम ६५ मधील प्राधिकृत अधिकारी ही आज उपलब्ध असलेली त्या उणिवेवरची एकमेव मलमपट्टी आहे. सरपंचताई, जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाच्या पत्राचा मसुदा देतो, शब्द हवे तसे बदला.

‘आमच्या ग्रामपंचायतीने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३२ अन्वये तयार केलेला आराखडा, वाहने व होड्यांच्या मालकांच्या संमतीपत्रांसह, सोबत सादर करीत आहोत. पूरस्थितीत संपर्क व रस्ता तुटण्याचा पूर्वानुभव पाहता, कलम ६५ अन्वये आमच्या गावासाठी एका अधिकाऱ्यास पदनामाने प्राधिकृत करावे, तसेच कलम ५० अन्वये डिझेल, चारा, ताडपत्री व पिण्याचे पाणी यांच्या तातडीच्या खरेदीसाठी आपण ठरवून द्याल त्या मर्यादेपर्यंत ग्रामपंचायतीस प्राधिकृत करणारा आदेश कोणत्या पातळीवर व कोणी काढावयाचा ते पावसाळ्यापूर्वी निश्चित करावे, ही विनंती.’

खाली ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक घाला. प्रती तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोलीस ठाणे आणि जिल्हा परिषद अध्यक्ष यांना द्या, कारण शेवटचे हे प्राधिकरणाचे सहअध्यक्ष आहेत आणि बैठकीत विषय त्यांच्या तोंडून निघाला तर त्याची नोंद इतिवृत्तात होते. पोच घेतलेली प्रत मान्सूनपूर्व आढावा बैठकीला सोबत न्या. आदेश आला की त्याच्या छायाप्रती पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि संमती दिलेला प्रत्येक ट्रॅक्टरमालक यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. पुरात ग्रामपंचायतीचे कार्यालय सर्वांत आधी पाण्याखाली जाणारे असेल, तर मूळ प्रत तेथे ठेवू नका.